घारीच्या घरट्यातला स्वेटर

आमच्या रस्त्यावर माझ्या भावाला कुणी नावानं हाक मारत नाही. डागमास्तर म्हणतात. लॉन्ड्री आमच्या वडिलांची, पण तिचं नाव काढलं ते यानं. शाई असो, गंज असो, ग्रीस असो, दुसऱ्या लॉन्ड्रीवाल्यांनी हात टेकले की गिऱ्हाईक आमच्याकडे येतं. याला तर नादच आहे. कपडा हातात आला की आधी कॉलर, मग बाह्या, मग छाती, सगळं उजेडाकडे धरून बघणार. डाग दिसला की तोंडानं बोलणं एकीकडे चालू आणि हात दुसरीकडे बाटलीवर गेलेला. एकदा बँकेच्या साहेबांशी बोलता बोलता त्यांच्या अंगातल्याच शर्टाची बाही धरून चोळायला लागला. ते बिचारे हात सोडवून घेतायत आणि हा म्हणतोय, "थांबा हो साहेब, निघतोय, निघतोय."

तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो. भावजय तर खुर्चीतून पडायची बाकी होती. हे ठमी होती तेव्हाचं.

ठमी म्हणजे या दोघांची मुलगी. खरं नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण चालायची अशी ठुमकत की मीच तिला ठमी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. मी भावाची थोरली बहीण. माझा नवरा गेल्यापासून मी इथेच असते, इस्त्रीचं टेबल माझ्याकडे. तोंड माझं फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. फक्त ठमीपुढे माझं काही चालायचं नाही. माझ्या टेबलाखाली बसून ती माझ्याच पायांना सुतळी बांधून ठेवायची, आणि मी बोंबलले की आईच्या मागे जाऊन लपायची.

थंडीत तिला ताप आला. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेली आणि मग ती परत आली नाही. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. बोलून काय होणार आहे?

आजारपणात तिच्या अंगात एकच स्वेटर असायचा. पांढऱ्या लोकरीचा, भावजयीनं स्वतः विणलेला. खोकल्याचं औषध गुलाबी रंगाचं होतं आणि ठमी ते गिळायची कमी, फुर्रकन उडवायची जास्त. त्यामुळे स्वेटरच्या छातीवर डाव्या बाजूला हा एवढा, बशीएवढा गुलाबी डाग पडला होता. दवाखान्यात नर्सनं तो स्वेटर काढून भावजयीच्या हातात दिला. भावजयीनं तो धुतला नाही, कुणाला धुवू दिला नाही. आपल्याच उशीच्या खोळीत घालून ठेवला. सकाळी उठली की त्यात नाक खुपसून बसायची, बराच वेळ, आणि मग तोंड धुऊन खाली दुकानात यायची. दिवसभर पावत्या फाडायची, कपडे मोजून द्यायची, कुणाशी भांडायची नाही, हसायची नाही. त्या सकाळच्या स्वेटरवर ती दिवस ढकलत होती, हे मला दिसत होतं. भावाशी तर तिचं बोलणं जवळजवळ संपलंच होतं. मीठ द्या, दार लावा, एवढंच.

मग एकदा तिची आई आजारी पडली म्हणून ती तिकडे मुक्कामाला गेली. भावाच्या मनात आलं, ती येईपर्यंत घर जरा नीटनेटकं करून ठेवू. चांगल्या मनानं केलं हो त्यानं. चादरी काढल्या, पडदे काढले, उशांच्या खोळी आत न बघताच ओढून काढल्या आणि सगळं खाली आणून हॉटेलच्या पांढऱ्या नॅपकिनांच्या ढिगाशेजारी टाकलं. काउंटरवर एक बाई सोफ्याच्या कव्हरांवरून हुज्जत घालत होत्या. कव्हरं आखडली म्हणे. भाऊ त्यांना समजावत होता, "बाई, आखडली नाहीत, तुमचा सोफा फुगलाय," आणि हातानं ढीग निवडत होता. मी माझ्या टेबलाशी टॉवेलांवर इस्त्री फिरवत होते, त्यांचं ऐकून हसत होते. बाई तणतणत गेल्या. पाण्याचा आवाज आला, बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज आला. मग भाऊ आतून म्हणाला, "ताई, हे बघ! मागमूस तरी राहिलाय का?"

मी मान वर केली. दोन्ही हातांनी उजेडाकडे धरून तो मला ठमीचा स्वेटर दाखवत होता. ओला, पांढराशुभ्र. आणि चेहरा कसा फुललेला! किती दिवसांनी मी त्याला तसं बघत होते.

टॉवेल जळल्याचा वास आला तेव्हा मी इस्त्री उचलली. तोवर त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं होतं, मग हातातल्या स्वेटरकडे, आणि मग तो त्या ओल्या फरशीवरच बसला.

"ताई, मी काय केलं गं हे?"

त्यानं स्वेटर नाकाला लावला. पुन्हा लावला. "साबण," तो म्हणाला. "नुसता साबण येतोय गं."

मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. वाटलं, एक थोबाडीत द्यावी, आणि वाटलं, याला पोटाशी धरावं. यातलं काहीच केलं नाही. त्याला म्हटलं, "ऊठ. आता वाळव तरी."

लोकर टांगायची नसते. पाण्याच्या वजनानं ती लोंबते, बाह्या गुडघ्याला येतात. ती पसरून वाळवायची, चिमटे लावायचे नाहीत. आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल. भावानं तो स्वेटर टॉवेलात गुंडाळून दाबला, चौथ्या मजल्यावरच्या गच्चीवर नेला आणि जाळीच्या खाटेवर नीट पसरून ठेवला. तेवढ्या घालमेलीतही त्याचा हात चुकला नाही. मग खाली येऊन चपला घालायला लागला.

"कुठे निघालास?"

"औषधाच्या दुकानात. तेच औषध आणतो. डाग परत पाडतो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आणि वासाचं काय करणारेस?"

"वासाचं बघू," असं म्हणून तो गेलासुद्धा.

परत आला तो थेट वर धावला, आणि थोड्याच वेळात मला त्याचं ओरडणं ऐकू आलं. मी धापा टाकत चार जिने चढले. बघते तर हा हातात गुलाबी बाटली घेऊन गच्चीभर पळतोय आणि वर एक घार. दोन्ही पायांत तिनं स्वेटर धरला होता आणि त्याच्या बाह्या खाली लोंबत होत्या. आमच्या गच्चीला लागून शाळेचं आवार आहे, त्यात एक उंच निलगिरी आहे. घार त्या निलगिरीच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात जाऊन बसली. तिथे काटक्या रचून ठेवलेल्या होत्या, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, कुणाचा तरी मोजा. घारी घरट्यात असलं काय वाट्टेल ते नेतात, आणि पांढरं दिसलं की जास्तच. तिनं तो स्वेटर चोचीनं ओढून, पायानं दाबून घरट्यात बसवला. शिस्तीत, एखादी बाई बिछाना घालते तसा.

भाऊ कठड्याला धरून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"ताई, तिला सांगू, उशी उन्हात टाकली होती. खोळीतून स्वेटर बाहेर आला आणि घारीनं नेला. धुतल्याचं कशाला सांगायचं? घारीनं नेला हे खोटं आहे का?"

"अरे, पण..."

"तिला कळलं तर ती राहील का माझ्यापाशी? तूच सांग."

माझ्याही मनात तेच आलं होतं. पोरगी गेली ते कुणाच्या हातात नव्हतं. पण तिचं जे एवढंसं उरलं होतं ते यानं आपल्या हातानं धुऊन काढलं, हे ऐकून कुठली बाई त्या माणसाच्या ताटाशी ताट मांडून बसेल?

भावजय आली. भावानं ठरवलं होतं तसं सांगितलं. ती रडेल, आकांडतांडव करेल, म्हणून मी दार लावून घेतलं होतं. ती नुसतीच म्हणाली, "माझी उशी उन्हात टाकायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"चुकलं माझं," भाऊ म्हणाला. तेवढं एक खरं बोलला.

ती वर गेली. मी मूग गिळून टॉवेलांच्या घड्या करत बसले.

त्या दिवसापासून गच्चीचं काम तिनं आपल्याकडे घेतलं. कपडे वाळत घालायला जायची ती तिकडचीच व्हायची. पहिल्यांदा खाली आली तेव्हा केसांतून रक्त येत होतं. मी किंचाळले. म्हणाली, "काही नाही वन्सं, घार होती." डेटॉल लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. घार अंडी घालून बसली होती. गच्चीवर कुणाचं डोकं दिसलं की ती झडप घालायची. बाकीच्या भाडेकरूंनी वर जायचं सोडलं होतं. कुणी गेलंच तर डोक्यावर पातेलं धरून जायचं. शाळेतही मैदानावर मुलांना सोडेनात.

एकदा दुपार झाली तरी भावजय खाली येईना, म्हणून मी वर गेले. तरातरा, कमरेवर हात ठेवून, चांगली झाडणार होते तिला. दोन वाळत घातलेल्या चादरींच्या मधून बाहेर आले मात्र, कानाशी सूंकन वारा झाला आणि डोक्यात कुणीतरी काटा मारल्यासारखं झालं. माझा अंबाडा सुटला. मी वळून बघते तर घार पुन्हा फिरून येत होती, सरळ माझ्या तोंडावर. पंख मिटलेले, पाय पुढे. पिवळे पाय आणि काळ्या नख्या, इतक्या जवळून की नखांना लागलेला मांसाचा धागा मला दिसला. मी "मेले, मेले" करत चादरीत गुरफटले आणि दोरीसकट खाली आपटले.

"वन्सं, तशाच बसा!" भावजय पाण्याच्या टाकीखालून ओरडली. "उठू नका. उभ्या माणसाला मारते ती. बसलेल्याला काही करत नाही."

मी रांगत टाकीखाली गेले. माझ्या वयाला हे शोभतं का? पण जिवापुढे कसलं काय. गुडघे सोललेले, चादर पुन्हा धुवायला लागणार, आणि ही बाई शांतपणे भिंतीला टेकून बसलेली. मी तिला दोन शब्द सुनावणार तोच घार कठड्यावर येऊन बसली. हात लांब केला असता तर लागली असती. मी आजवर घार लांब आभाळातच बघितलेली, मला वाटायचं काळी असते. तपकिरी होती. एकेका पिसाला फिकट कड. डोळे गडद, त्यांत दयामाया काही नाही. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग भावजयीकडे, आणि मान वळवून पंख साफ करायला लागली. आम्ही तिच्या लेखी टाकीचा पाइप असल्यासारख्या.

"रोज येते अशी?" मी पुटपुटले.

"रोज. आता पिल्लं आहेत तिला. दोन." भावजय घरट्याकडे बघत होती. काटक्यांतून पांढरी बाही बाहेर आली होती आणि तिच्यावर काहीतरी लुसलुशीत हलत होतं. "ठमीच्या स्वेटरवरच निजतात दोघं."

मी सुटलेला अंबाडा बांधायला लागले.

"आधी फार राग आला मला. वाटलं, दगड घालून मारावी हिला. मग बघत बसले. ती पावसा-उन्हाची पंख पसरून उभी राहते हो त्यांच्यावर. मग म्हटलं, असू दे. ऊब लागतेय कुणाला तरी." "वन्सं, लोकरीतून वास लवकर जात नाही ना? तुम्हाला ठाऊक असेल. उघड्यावर असला तरी?"

खोटं बोलायला मला काही वाटत नाही, गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलते. पण त्या घारीसमोर, त्या प्रश्नाला, सरळ खोटं बोलवेना. शेवटी म्हटलं, "लोकर धरून ठेवते गं वास." आणि हे काही खोटं नाही. धुतली नाही तर धरून ठेवतेच.

"पिल्लं उडाली की आणवते मी तो," ती म्हणाली. "तोवर थांबते."

ठमी गेल्यानंतर तिच्या तोंडून "तोवर" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला बरं वाटायला हवं होतं. मला तर घाम फुटला.

रात्री जेवताना भावाला मी हे सांगितलं. त्याचं धाबं दणाणलं. पुढे दोन दिवस त्याच्या हातून साध्या चहाचा डाग निघेना.

मग शाळेनं निलगिरी छाटायचं ठरवलं. एका मुलाच्या कानाला घारीनं ओरबाडलं होतं, पालक चिडले होते, त्यांचंही खोटं नव्हतं. भावजय हेडमास्तरांकडे निघाली तेव्हा भाऊ म्हणाला, "मीही येतो." तिथे त्यानं अक्षरशः हात जोडले. पिल्लं उडेपर्यंत थांबा, झाडाला हात लावू नका, तोवर शाळेचे सगळे पडदे फुकट धुऊन देतो. हेडमास्तर माणूस बरा होता, कबूल झाला. त्यानंच झाड छाटणाऱ्याला बोलावून सांगितलं, सुट्टी लागल्यावर ये.

भावाला काय हवं होतं ते मला दिसत होतं. जितके दिवस जातील तितका स्वेटर मळेल, चिंध्या होईल, वाऱ्यानं उडून गेला तर सोन्याहून पिवळं. भावजयीला मात्र दुसरंच दिसलं. घरी येताना ती त्याच्या बरोबरीनं चालत होती. रात्री तिनं त्याच्या पानात न मागता वाढलं. मी ते बघितलं आणि ताट तसंच ठेवून उठले.

पिल्लं मोठी झाली. घरट्याच्या काठावर उभी राहून पंख फडफडवायची. आणि एका सकाळी त्यातलं एक निघालं ते आमच्या गच्चीवरच्या ओल्या चादरींत येऊन आपटलं. नेमके आम्ही तिघंही वर होतो, हॉस्पिटलच्या चादरींची मोठी ऑर्डर होती. पिल्लू कसलं, कोंबडीएवढा धटिंगण तो! चादरीत नख्या अडकल्या, दोरीत पंख अडकला आणि ते शिट्टीसारखं किंचाळायला लागलं. त्याबरोबर वरून आई आली.

मी टाकीखाली. भाऊ ओरडला, "अगं, सोड, खाली बस!" पण भावजय उभीच होती. तिनं टॉवेल घेतला, पिल्लावर टाकला आणि एकेक नखी चादरीतून सोडवायला लागली. अगदी सावकाश. घार पहिल्यांदा आली तशी भाऊ धावला आणि बायकोच्या डोक्यावर हात धरून उभा राहिला. घारीनं त्याच्या कपाळावर झडप घातली. रक्त भळाभळा डोळ्यात उतरलं. तो हलला नाही. ती पुन्हा आली, पुन्हा त्याच्याच डोक्यावर. तरी हलला नाही. भित्रा आहे हो माझा भाऊ, पालीला घाबरतो. त्या दिवशी खांबासारखा उभा राहिला.

पिल्लू सुटलं. भावजयीनं त्याला टॉवेलासकट उचललं, कठड्यावर ठेवलं, टॉवेल काढला आणि तिथेच त्याच्याशेजारी उभी राहिली. घार आली आणि पिल्लाच्या पलीकडच्या बाजूला उतरली. मध्ये ते पोर, अलीकडे ही, पलीकडे ती. घारीनं चोच उघडली, काहीतरी करवादली. पण मारलं नाही. भावजय इतकी जवळ उभी होती की घारीच्या पंखाच्या वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे केस हलले. मग पिल्लू उडालं, वेडंवाकडं, निलगिरीपर्यंत कसंबसं पोहोचलं. घार त्याच्यामागे गेली.

भावजय वळली आणि भावाचं तोंड बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, काय हे! बसा, बसा बघू खाली." तिनं धुतलेल्या चादरीचा बोळा करून त्याच्या कपाळावर दाबला. हॉस्पिटलची चादर, मी ओरडणार होते, पण गप्प राहिले. ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली होती आणि रडत होती. थंडीपासून रडली नव्हती ती, एकदाही नाही. "माझ्यासाठी उभे राहिलात," ती म्हणाली. "मी किती वाईट वागले तुमच्याशी. तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही मी, ठमी तुमचीही होती." भाऊ तोंड उघडायचा, मिटायचा. मला वाटलं, आता सांगेल. आताच सांग रे बाबा, मी मनात म्हणत होते, आता ती ऐकून घेईल. त्यानं तिचा हात कपाळावर तसाच धरून ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात बरे गेले. हेच मला आठवतं आणि जिवाला लागतं. दोघं एकत्र चहा प्यायचे. ठमीच्या गोष्टी काढायचे, सुतळीची, फुर्र करण्याची. एकदा भावजय हसलीसुद्धा. भावाच्या कपाळावर टाके होते आणि रात्री त्याला झोप नव्हती.

सुट्टी लागली, झाड छाटणारा आला. पिल्लं केव्हाच उडून गेली होती. तो दोर टाकून चढत असताना भाऊ शाळेच्या आवारात गेला, मी काउंटरच्या खिडकीतून बघत होते. त्यानं वर बघून त्या माणसाला काहीतरी सांगितलं. माणूस वरूनच मोठ्यानं म्हणाला, "तो स्वेटर फेकून कसा देऊ हो? बाईंनी मला दहादा बजावलंय, अगदी अलगद काढ म्हणून. लेकराचा आहे ना?"

भाऊ परत आला आणि काउंटरमागे उभा राहिला. भावजय मघापासून दारात होती. तो माणूस घामाघूम होऊन आला आणि त्यानं तो स्वेटर तिच्या ओंजळीत ठेवला, दोन्ही हातांनी. "घ्या ताई. तळाशी होता, दुमडलेला. जपून काढलाय." आणि पाणी पिऊन गेला.

काय दशा झाली होती त्याची! शिटानं भरलेला, कशाकशाच्या रक्तानं काळा पडलेला, त्यात उंदराची हाडं आणि पिसं अडकलेली. घाण वास दुकानभर पसरला. भावजयीनं तशात नाक खुपसलं. बराच वेळ. भाऊ काउंटरची कड धरून उभा होता. मग तिनं तोंड वर केलं आणि नुसतीच मान हलवली. नव्हता वास. नसणारच, एवढे दिवस झाले, असं तिनंच स्वतःला समजावल्यासारखं मला वाटलं, आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

"डाग तरी असेल," ती म्हणाली.

तिनं स्वेटर काउंटरवर ठेवला आणि चिकटलेली घडी हळूहळू उलगडली. छातीची बाजू आतमध्ये दुमडलेली होती. तिथवर ना शीट पोहोचलं होतं ना रक्त. डावी बाजू उघडली. पांढरीशुभ्र. नव्या लोकरीसारखी.

तिनं त्या जागेवर बोट फिरवलं. उजवीकडे बघितलं, स्वेटर उलटा केला, पुन्हा डावीकडे आली. लॉन्ड्रीत संसार केलेली बाई ती, तिला कुणी काय समजावणार?

"हा पावसानं जात नाही," ती म्हणाली. "उन्हानं जात नाही. साध्या साबणानं पसरतो उलट." ती भावाकडे बघत नव्हती. "हा काढता येणारा माणूस एकच आहे."

"अगं, ऐक," मी पुढे झाले, "त्याचा हात आपोआप..."

"वन्सं, तुम्ही नका बोलू."

माझ्यासारखी बाई गप्प झाली. भावाच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. त्यानं हात जोडले नाहीत, चुकलं म्हणाला नाही. ती त्याच्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, तोंडावर रागही नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"निघाला तेव्हा बरं वाटलं होतं तुम्हाला?"

मी मनात म्हटलं, नाही म्हण. देवा, याला नाही म्हणायची बुद्धी दे.

"हो," भाऊ म्हणाला. "वाटलं होतं."

तिनं मान डोलावली. स्वेटर उचलला आणि काउंटरवरून त्याच्याकडे सरकवला, गिऱ्हाइकं सरकवतात तसा.

"मग बाकीचे डागही काढून टाका," ती म्हणाली आणि सामान भरायला वर गेली.